लाकूड अडकायला जागाच ठेवू नका: टेबल सॉबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी लेख आला होता, त्यात टेबल सॉचा (टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर येतं आणि लाकूड त्यावर ढकलून कापतात, ते मशीन) उल्लेख जेमतेम एका ओळीत होता, आणि सगळ्यात जास्त प्रश्न आले ते त्या एका ओळीवर. बहुतेक पत्रं सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडातून आलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले जरा आटोपते केलेत. बऱ्याच पत्रांत ओळखीच्या कुणाचं तरी बोट गेल्याचं लिहिलंय, त्यामुळे उत्तरं स्पष्ट लिहिलीत, कुणाला टोचलं तर टोचू दे.

बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लोकल मेकचा जुना टेबल सॉ घेतलाय. 2 एचपी मोटर, बेल्टवर चालतो, 10 इंची ब्लेड. घरामागच्या मांगरात बसवायचाय. आधी काय काय बघू? (कुडाळ तालुका)

पहिल्यांदा प्लग काढा आणि सगळं चेकिंग होईपर्यंत तो परत लावूच नका. स्विच बंद आहे ना मग झालं, असं नाही, प्लग बाहेर दिसला पाहिजे.

मांगराची, म्हणजे घरामागच्या शेडची, जमीन सारवलेली असेल तर त्यावर मशीन ठेवू नका, चालू झालं की हळूहळू एक पाय रुततो आणि टेबल डुगडुगायला लागतं. जेवढ्यात मशीन बसणार तेवढा तरी कोबा करून घ्या आणि पाय बोल्टने बांधा. जागा किती लागते तर जेवढी लांब फळी कापणार तेवढी ब्लेडच्या पुढे आणि तेवढीच मागे, म्हणजे 8 फुटी फळीला 16 फूट आणि वर तुम्ही उभं राहायची जागा. मांगर लहान असेल तर मशीन दाराच्या रेषेत लावा म्हणजे फळी दारातून बाहेर निघेल, फक्त काम चालू असताना त्या दारातून पोरंबाळं, कुत्रं कुणी आत येणार नाही अशी काहीतरी आडकाठी करा. आणि उजेड नीट हवा. जुनी चोकवाली ट्यूबलाइट एकटीच असेल तर तिच्या लुकलुकीत फिरणारं ब्लेड कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, तसं होऊ नये म्हणून टेबलावर एक साधा बल्ब किंवा चांगला एलईडी वेगळा लावा.

मग ब्लेड हाताने फिरवून बघा. खरखर येतेय का, शाफ्ट वर-खाली हलतोय का, येत असेल तर बेअरिंग आधी बदला. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का आणि बेल्टवर जाळी आहे का ते बघा, जाळी नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. स्पीडचा हिशोब पण स्वतः करा. मोटर 2880 आरपीएमची असेल, मोटरवर 4 इंची आणि शाफ्टवर 3 इंची पुली असेल तर ब्लेड 3840 ने फिरणार, म्हणजे 10 इंची ब्लेडचे दात ताशी 180 किलोमीटरच्या वर पळतायत. ब्लेडवर मॅक्स आरपीएम छापलेला असतो तो याच्यापेक्षा जास्तच पाहिजे, छापील आकडा पुसला गेला असेल तर ते ब्लेड वापरू नका. ब्लेडचं भोक आणि शाफ्ट यांचं माप तंतोतंत जुळायला हवं, 30 एमएमचं भोक 25.4 च्या शाफ्टवर बसवायचं तर योग्य रिंगच टाका, टेप गुंडाळणे वगैरे प्रकार नकोत. पुढच्या बाजूचे दात तुमच्याकडे तोंड करून खाली उतरताना दिसले पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर बाकी सगळं उभं आहे. ब्लेड, ब्लेडशेजारून जाणारी टेबलातली लांब खाच आणि फेन्स, तिन्ही एकमेकांना समांतर हवेत. फेन्स म्हणजे जिला लाकूड टेकवून पुढे सरकवतो ती सरळ पट्टी, बरेच सुतार तिला गाइड म्हणतात. ब्लेड पूर्ण वर करा, एका दाताला खडूने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून त्याचं अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागे न्या आणि परत मोजा. तोच दात घ्यायचा, दुसरा घेतला तर ब्लेड थोडं वाकडं असेल ते मापात येतं आणि तुम्ही उगाच शाफ्टचे बोल्ट ढिले करत बसता. पुढचं-मागचं माप सारखं येईपर्यंत शाफ्ट किंवा टेबल सरकवा. नंतर फेन्स खाचेला समांतर करा. थोडाफार फरक राहणारच असेल तर फेन्सचं मागचं टोक ब्लेडपासून केसभर लांब असलेलं चालेल, ब्लेडकडे झुकलेलं बिलकुल चालणार नाही. झुकलेलं असलं की लाकूड मागे जाता जाता ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये चेपलं जातं, आणि पुढच्या उत्तरात जे लिहिलंय ते होतं.

गुण्या लावून ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का ते बघा, गुण्या दातावर न टेकवता दोन दातांच्या मधल्या पत्र्यावर टेकवा.

ब्लेड कोणतं घ्यायचं हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. लाकूड उभं चिरायचं तर 24 दातांचं, प्लाय किंवा आडवं कापायचं तर 60 ते 80 दातांचं, एकच परवडत असेल तर 40 चं. उभं चिरायला 80 दातांचं लावलं की भुसा दातांच्या मधल्या पोकळीत मावत नाही, लाकूड जळतं, मग माणूस जोर लावून ढकलतो आणि जोर लावताना हात घसरतो. सागवानात सिलिका असते त्यामुळे त्याला धार लवकर जाते, टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेडच घ्या आणि धार लावायला वेळेवर द्या. उंची किती ठेवायची तर फळीच्या वर साधारण एक ते दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दात दिसू देत, त्याच्या वर उघडं ब्लेड ठेवायचं काही कारण नाही.

निसर्ग वादळात आमचा फणस पडला, त्याच्या फळ्या सॉमिलमधून काढून ठेवल्या होत्या. आता त्यातल्या काही टेबल सॉवर चिरत होतो तर फळी अचानक उडून पोटावर आली, पोट काळंनिळं झालं. स्पीड कमी करून घेऊ का? (दापोली तालुका)

पोटावर मार बसलाय आणि अजून दुखत असेल, किंवा उलटी-चक्कर असं काही असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा, आतला मार बाहेरून दिसत नाही.

स्पीड कमी करून उपयोग नाही. ती फळी उचला आणि तिची खालची बाजू बघा, बहुतेक तिथे सरळ न जाता वळत गेलेला एक खोल ओरखडा सापडेल. फळी फेन्स सोडून फिरली आणि ब्लेडच्या मागच्या दातांवर चढली याची ती खूण. यालाच किकबॅक म्हणतात. ब्लेडचा पुढचा भाग खाली येतो, तो लाकूड टेबलावर दाबून ठेवतो, काही करत नाही. मागचा भाग टेबलाखालून वर येतो आणि तुमच्या दिशेने येतो. कापलेलं लाकूड मागे गेल्यावर त्या मागच्या दातांना टेकलं की दात त्याला उचलतात आणि दातांच्याच वेगाने तुमच्याकडे फेकतात. हे सगळं एवढ्या झटकन होतं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आणि नुसती फळी लागते एवढंच नाही, फळीवर दाबलेला हात तिच्याबरोबर ओढला जाऊन ब्लेडवर पडतो, बोटं जायचे कितीतरी प्रकार असेच झालेले असतात.

आता तुमच्या फणसाबद्दल. आपल्याकडे डोंगरउतारावर झाडं कललेली वाढतात आणि कललेलं झाड स्वतःला सावरायला एका बाजूला ताणाचं लाकूड तयार करतं. फळी उभी चिरली की तो ताण सुटतो आणि चिरेच्या दोन्ही बाजू एकतर उमलतात नाहीतर मिटतात, मिटल्या की ब्लेडला चिमटा बसतो. त्यात लाकूड ओलं. पावसाळ्यात हवेची आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते तेव्हा पडवीत ठेवलेलं लाकूडसुद्धा 18-20 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतं, म्हणजे वर्षं लोटली तरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फळी पुन्हा फुगते, वळते, तिची कड सरळ राहत नाही. वाकडी कड फेन्सला टेकवली की फळी पाळण्यासारखी झुलते, आणि झुलली की मागच्या दातांना लागते.

म्हणून आधी फळीची एक बाजू सपाट आणि एक कड सरळ करून घ्या, जॉइंटर नसेल तर हातरंध्याने करा, वेळ लागेल, लागू दे. सरळ कड फेन्सला आणि सपाट बाजू टेबलाला, याशिवाय फळी ब्लेडपर्यंत न्यायचीच नाही. बाक आलेली फळी असेल तर फुगीर बाजू वर ठेवा म्हणजे दोन्ही कडा टेबलावर टेकतील. पीळ पडलेली फळी या मशीनवर नकोच, गोल ओंडका तर अजिबात नको.

आणि आता मुख्य गोष्ट. तुमच्या मशीनला ब्लेडच्या लगेच मागे उभा पत्रा आहे का? रायव्हिंग नाइफ म्हणतात त्याला. तो चिरेत शिरतो आणि चीर मिटू देत नाही, शिवाय फळीला मागच्या दातांकडे वळू देत नाही. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही त्यामुळे मला वाटतं एकतर तो नव्हताच किंवा काढून ठेवलाय. बऱ्याच ठिकाणी काढून ठेवलेला असतो, कारण विचारलं तर लाकूड अडकतं म्हणतात. अडकतं ते बहुतेक वेळा ब्लेड बदलल्यामुळे. पत्रा 2.5 एमएम जाड असेल आणि तुम्ही 2.2 एमएमची चीर पाडणारं पातळ ब्लेड आणून लावलंत तर लाकूड पत्र्याला अडणारच. पत्र्याची जाडी चिरेपेक्षा कमी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, असं हवं. ब्लेड घ्यायला जाताना नाइफचं माप घेऊन जा, नाइफवर बहुतेक छापलेलं असतं.

लोकल मेकच्या मशीनला तो नसेल तर बसवता येतो. ज्या मशीनमध्ये ब्लेड जागेवर राहतं आणि टेबल वर-खाली होतं त्यांच्यात तर सोपं आहे, कारण खालच्या बॉडीला पक्का बोल्ट केलेला पत्रा ब्लेडपासून कायम तेवढ्याच अंतरावर राहतो. अंतर 3 ते 8 एमएम, वरचं टोक ब्लेडपेक्षा थोडं खाली, आणि ब्लेडच्या अगदी रेषेत. चांगला फॅब्रिकेटर करून देईल. ब्लेड वर-खाली होणाऱ्या मशीनला ते अवघड जातं, तिथे निदान ब्लेडभोवतीची पट्टी प्लायची नवीन करून तिच्यात ब्लेडमागे लाकडाची पातळ पाचर उभी चिकटवा, ती पण चीर उघडी ठेवते. पण नाइफ असलेलं मशीन मिळत असेल तर नसलेलं घेऊ नका, हे मी कुणालाही सांगेन.

उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेत नाही, फेन्स उजवीकडे असेल तर थोडं डावीकडे. फेन्स आणि ब्लेडच्या मधला तुकडा शेवटपर्यंत ढकलायचा, ब्लेड आणि नाइफ पार करून पलीकडे जाईपर्यंत, मध्येच सोडायचा नाही. आणि पलीकडून फळी ओढायला माणूस उभा करतात ती सवय मोडा. ओढणारा जरा तिरका ओढतो आणि फळी फेन्स सोडते. पलीकडच्याने फक्त खालून आधार द्यायचा, हात उघडे ठेवून, नाहीतर त्याच्या जागी रोलर स्टँड ठेवा.

आडवं कापताना अजून एक. मायटर गेज (टेबलातल्या खाचेत सरकणारी, लाकूड आडवं धरायची पट्टी) आणि फेन्स दोन्ही एकदम वापरू नका, तुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये सापडतो आणि उडतो. एकसारखी मापं हवी असतील तर फेन्सवर ब्लेडच्या बरंच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा, त्याला टेकवून माप घ्या, कापायला पुढे सरकेपर्यंत लाकूड ठोकळ्यापासून सुटलेलं असेल.

आमच्याकडे पावसात लाइट दिवसातून कितीतरी वेळा जाते-येते. मशीनला काही होईल का? (संगमेश्वर तालुका)

मशीनपेक्षा तुम्हाला होईल. लाइट गेली, ब्लेड थांबलं, तुम्ही अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि लाइट आली. साधा वर-खाली स्विच असेल तर मशीन आपोआप सुरू होणार. यावर उपाय आपल्या घरातच असतो, विहिरीच्या पंपाला हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर असतो ना, तसाच. त्यात कॉइल असते, लाइट गेली की ती सोडते आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. सिंगल फेज मोटरला 240 व्होल्टची कॉइल घ्या, आणि आतला ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरला सेट करून घ्या. लाल बटण असं लावा की दोन्ही हात लाकडावर असताना गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल.

वायर जाड घ्या. 2 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना 10 अँपिअरच्या आसपास घेते पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरापासून 30 मीटरवर मांगर असेल आणि तुम्ही 0.75 स्क्वेअर एमएमची एक्स्टेंशन वायर ओढलीत तर सुरू होतानाच 80-90 व्होल्ट वायरीत जातात, मोटर गुरगुरते आणि शेवटी जळते. 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या, अंतर जास्त असेल तर 4 ची. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, विशेषतः उन्हाळ्यात, त्यामुळे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावा. थ्री फेज मशीन असेल तर लाइनचं काम झालं की पहिल्यांदा बटण क्षणभर दाबून ब्लेड कुठे फिरतंय ते लांबून बघा, फेज उलटसुलट जोडली गेली तर मोटर उलटी फिरते आणि ब्लेडचा नट सुटू शकतो.

आम्ही बचत गटाच्या बायका गणपतीसाठी पाट आणि छोटे चौरंग करतो. मशीन आता घेतलंय. साडी नेसून चाललं तर चालेल का? आणि अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या काढताना हात खूप जवळ जातो, काय करायचं? (गुहागर)

ताई, साडी नको. पदर, ओढणी, ढगळ बाही, मोकळे केस, लांब मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, हातातला गंडा-दोरा, यातलं काही ब्लेडच्या आसपास नको. ड्रेसवर ओढणी काढून घट्ट बाहीचा एप्रन बांधा, केस बांधून टोपीत. पायात बंद चप्पल नाही, बूट. हातमोजे घालू नका, मोजा दातात अडकला की अख्खा हात आत ओढला जातो, उघड्या हाताला निदान सुटायची शक्यता असते. डोळ्याला चष्मा, कानाला मफ, आणि नाकातोंडाला एन95 मास्क. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींमध्ये धरलंय, नाकाच्या आतल्या पोकळीचा कॅन्सर. बंद खोलीत रोज काम करणाऱ्या बायकांना मास्क नसेल तर चालणार नाही, गटाच्या खर्चातून घ्या.

पट्ट्यांबद्दल. हात ब्लेडच्या 6 इंचांच्या आत आणायचाच नाही असा नियम घाला, टेबलावर लाल ऑइलपेंटने तेवढी जागा रंगवून ठेवा. त्याच्या आत जाईल ती फक्त पुश स्टिक. नुसती खाच पाडलेली काठी शेपूट ढकलते पण फळीचं पुढचं टोक वर उठू शकतं, म्हणून मी तरी चपलेच्या आकाराचा लांब ठोकळा करायला सांगेन, 12 एमएम प्लायचा, खालून फूटभर लांब, मागे टाचेसारखी पट्टी, वर धरायला मूठ. तो फळी खाली पण दाबतो आणि पुढे पण नेतो. ब्लेडने त्याचा खालचा भाग कापला जाईल, कापू दे, झिजला की नवीन करा, एका प्लायच्या तुकड्यात बरेच होतात. दोन-चार करून मशीनलाच अडकवून ठेवा, शोधायला लागले की माणूस हाताने ढकलतो.

अर्धा इंची पट्टी फेन्सच्या बाजूला काढूच नका. रुंद फळी फेन्सला ठेवा आणि पट्टी ब्लेडच्या दुसऱ्या बाजूला पडू दे, प्रत्येक वेळी फेन्स सरकवून माप घ्यावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण बारीक तुकडा अडकायला जागाच राहत नाही. पडलेली पट्टी ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उचलायची नाही. आणि गणपती जवळ आले की ऑर्डरी वाढतात, रात्री जागून कामं होतात, तेव्हा रात्रीचं रंगकाम, पॉलिशपेपर मारणं ठेवा आणि मशीनवरचं सगळं कापणं सकाळी उरका.

मार्बल कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवलाय, 4 इंची लाकडाचं ब्लेड लावलंय. प्लायला मस्त चालतं. जाड लाकूड अडकतं. शेजारचे सुतारकाका म्हणतात, "माका काय होवचा नाय, इतकी वर्सां करतंय." तुमचं मत? (मालवण)

काढून टाका. काकांबद्दल मनात आदर ठेवून सांगतो, असं टेबल मी कुणाच्याही घरात बघितलं की मला भीती वाटते. बटण लॉक करून मशीन टेबलाखाली, म्हणजे काही झालं तर वाकून बोर्डापर्यंत जायचं. नाइफ नाही, वर गार्ड नाही. 110 एमएमचं ब्लेड 12,000 आरपीएमने फिरतं तेव्हा दात ताशी 250 किलोमीटरला पोचतात, मोठ्या टेबल सॉपेक्षा जास्त. भुसा वरून थेट मोटरच्या जाळीत पडतो, आत कार्बन ब्रशची ठिणगी असते. आणि लाकूड चिरायला ब्लेड जेमतेम सव्वा इंच बाहेर, म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंनी कापत असणार, दुसऱ्या वेळी वरची बाजू खाली गेली की सरळपणा गेलाच. लाकडाचं ब्लेड ग्राइंडरला लावणारे पण आहेत, ते तर याहून वाईट.

तेवढ्याच पैशाच्या आसपास काय करता येईल ते सांगतो. 7 इंची सर्क्युलर सॉ घ्या, तो सुलटाच वापरा. प्लायची शीट जमिनीवर थर्माकोलच्या शीटवर ठेवा, वर सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि पट्टीला टेकवून मशीन चालवा. 8 बाय 4 ची शीट एकट्या माणसाने टेबल सॉवर चढवण्यापेक्षा पण हेच बरं. घन लाकूड सॉमिलमधून चिरून आणा आणि घरी रंधा मारा.

जुनं घर पाडलं, त्याचे सागवानी वासे आणि तुळया आहेत. चिरून दरवाजे करायचेत. (अलिबाग)

लाकूड सोन्यासारखं असेल पण त्यात खिळे असणार, काही डोकं तुटून आत गेलेले. ब्लेडचा कार्बाइड दात खिळ्यावर आपटला की उडतो. आधी ब्रशने माती काढा, मग छोटा हँडहेल्ड मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा, काळा डाग दिसेल तिथे पटाशीने उकरून बघा, सागात लोखंडाभोवती लाकूड काळं पडतं. जाड तुळई टेबल सॉवर नको, ती सॉमिलवाल्याकडे द्या आणि त्याला खिळ्यांचं आधी सांगा.

समुद्राजवळ घर आहे, बिडाचं टेबल आठवड्यात गंजतं. तेल लावलं तर लाकडाला डाग पडतात. (वेंगुर्ला)

गंज बारीक पॉलिशपेपरने काढा, कोरडं पुसा आणि पेस्ट वॅक्स लावून कपड्याने घासा. सिलिकॉनवालं पॉलिश नको, ते लाकडाला लागलं की वर रंग धरत नाही. काम झालं की भुसा झटकायचाच, भुसा दमट हवा शोषून टेबलावर बसून राहतो. झाकायला प्लास्टिक नको, आत पाणी सुटतं, जाड सुती चादर बरी. वॅक्सने लाकूड सुळकन सरकतं, म्हणजे जोर कमी लागतो. फणसाचा चीक ब्लेडला चिकटला असेल तर ब्लेड काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसून वाळवा.

बोट लावलं की ब्लेड थांबतं असं मशीन व्हिडिओत बघितलं. ते घेतलं तर बाकी काळजी लागणार नाही ना? (रत्नागिरी)

लागणार. ते तंत्र स्टीव्ह गॅस या अमेरिकन माणसाने 1999 साली काढलं, सॉस्टॉप नावाने 2004 पासून मशीनं विकायला आली. ब्लेडवर बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, माणसाचं अंग लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून ब्लेड 5 मिलिसेकंदांच्या आत थांबतं. बोट जायच्या ऐवजी खरचटतं, फार मोठी गोष्ट आहे. पण ठोकळा आणि ब्लेड दोन्ही त्या एका वेळेत जातात, आणि फार ओलं लाकूड लागलं तरी ते चालू होऊ शकतं, आपल्याकडच्या लाकडाला हा प्रश्न येणार. आणि उडालेली फळी ते थांबवत नाही, ती नाइफनेच थांबते.

एवढं करूनही हात लागलाच तर? जवळ मोठं हॉस्पिटल नाही. (राजापूर तालुका)

लाल बटण. मग स्वच्छ कपडा जखमेवर घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला, दहा मिनिटं कपडा उघडून बघायचा नाही. हळद, चहा पावडर, चुना, काही घालू नका. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. 108 ला फोन करा. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल.

बोट तुटून पडलं असेल तर ते शोधा. स्वच्छ कपडा पाण्याने ओला करून पिळून त्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाला किंवा पाण्याला बोट थेट लागू देऊ नका, पेशी मरतात. असं थंड ठेवलेलं बोट साधारण 12 तास, कधी त्याहून जास्त वेळानेही जोडता येतं, म्हणजे घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोवा गाठायला वेळ असतो, पण थंड ठेवलं नाही तर तो वेळ खूपच कमी होतो. निघायच्या आधी फोन करून विचारा की तुटलेलं बोट जोडणारे मायक्रोसर्जरीचे सर्जन आत्ता आहेत का, नसतील तर तिथे थांबून वेळ घालवू नका, रक्त आटोक्यात आणून घेऊन थेट पुढे चला. हे नंबर आज शोधून मशीनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि मशीन चालू असताना हाकेच्या अंतरावर घरचं कुणीतरी असू द्या, ज्याला हे सगळं आधी सांगून ठेवलेलं असेल.